रास्ताफारी

जमैकातल्या या पंथाचं नाव मुळात एका माणसाचं आहे. इथिओपियाचा राजपुत्र ताफारी मकोन्नेन 1916 साली ‘रास’ झाला. अम्हारिक भाषेत रास म्हणजे मस्तक, त्यावरून सरदारकीचा मोठा किताब. अरबीतलं ‘रास’ याचंच भावंड, आणि आपला ‘रईस’ त्याच अरबी घराण्यातला. ताफारी म्हणजे ज्याचा धाक वाटावा, आदर वाटावा असा.

2 नोव्हेंबर 1930 रोजी त्याचा राज्याभिषेक झाला आणि तो हैले सेलासी, म्हणजे ‘पवित्र त्रैक्याचं सामर्थ्य’ झाला. जमैकातल्या गुलामांच्या वंशजांनी मात्र त्याचं जुनंच नाव उराशी धरलं. त्यांच्यातला उपदेशक लेनर्ड हॉवेल सम्राटालाच देव मानून उपदेश करू लागला.

सम्राटाच्या बिरुदातला ‘यहुदाचा सिंह’ या पंथाच्या झेंड्यावर आला. मुकुट घातलेला, पुढच्या पंजात राजदंड धरलेला हा सिंह इथिओपियाच्या राजघराण्याचा. हे घराणं स्वतःला राजा सॉलोमन आणि शेबाची राणी माकेदा यांचे वंशज म्हणवी. ‘केब्रा नगस्त’ या गीझ भाषेतल्या ग्रंथात ती कथा आहे. हिरवा, पिवळा, लाल हे झेंड्याचे रंगही इथिओपियाचेच. ज्यांचे पूर्वज साखळदंडांत आणले गेले, त्यांनी आफ्रिकेतला राजवंश आपला मानला, हे मला फार मोलाचं वाटतं. सम्राट स्वतः अखेरपर्यंत ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच राहिला.