पुलोद मंत्रिमंडळ (१९७८-८०)

पुरोगामी लोकशाही दल अर्थात 'पुलोद' ही महाराष्ट्रात १८ जुलै १९७८ ते १७ फेब्रुवारी १९८० या काळात सत्तेवर असलेली आघाडी होय. मध्य प्रदेशात संयुक्त विधायक दलाने १९६७ मध्येच काँग्रेसला सत्तेबाहेर ठेवले होते. महाराष्ट्रात तशी वेळ अकरा वर्षांनी आली.

१९७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी ९९ जागा जिंकूनही जनता पक्ष विरोधात बसला. दोन्ही काँग्रेसनी वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली सरकार स्थापिले. त्यातून सहकाऱ्यांसह बाहेर पडलेले ३७ वर्षीय शरद पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले, तर सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री.

शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील (सहकार) व गणपतराव देशमुख, तसेच समाजवादी सदानंद वर्दे (शिक्षण), निहाल अहमद आणि गृहराज्यमंत्री भाई वैद्य ही मंत्रिमंडळाची डावी बाजू. त्यांच्याच शेजारी जनसंघाच्या परंपरेतील उत्तमराव पाटील (महसूल) व हशू अडवाणी बसत.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलितांची घरे जाळली गेली आणि अंमलबजावणी रखडली. रोजगार हमी कायदा मात्र २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

इंदिरा गांधी केंद्रात परतल्यावर हे सरकार बरखास्त झाले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी, ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी झाला.