टिपेश्वरचा वाटसरू

सिंहांचे तरुण नर बहुधा भाऊभाऊच एकत्र राहतात आणि टोळी करून एखाद्या कळपाचा ताबा घेतात. 1966 पासून सेरेंगेटीत जॉर्ज शॅलर यांनी एकेक सिंह ओळखून, त्याच्या मागावर राहून अभ्यास केला, तेव्हा हे व्यवहार नीट उलगडू लागले. वाघाचे तसे नाही. भाऊ असले तरी ते पांगतात; प्रत्येकाला आपला मुलूख एकट्याने शोधावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात 2016 च्या अखेरीस एका वाघिणीला तीन नर बछडे झाले. फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांतल्या ‘सी-1’ला रेडिओ कॉलर, म्हणजे गळपट्टा, बांधला. पूर्वी माग म्हणजे धुळीतला पंजाचा ठसा. वाघ इथून गेला, एवढेच तो सांगे. कुठे गेला, ते नाही. हा पट्टा उपग्रहांच्या मदतीने ठावठिकाणा कळवत राहतो.

जूनमध्ये सी-1 निघाला. दिवसा झुडपांत दडून, रात्री शेते, ओढे, रस्ते ओलांडत तो तेलंगणातही जाऊन आला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याची चाल 3000 किलोमीटरवर गेली. (विद्यार्थ्यांना टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे सरळ अंतर नकाशावर मोजायला सांगावे. ते सव्वादोनशेच्या आसपास भरेल.)

ज्ञानगंगेत भक्ष्य पुरेसे होते. हद्दीसाठी भांडायला दुसरा नर नव्हता. वाघीणही नव्हती.