मातेच्या अलंकारांचा वारसा : भिलाईच्या संदर्भात

पित्याने पुनर्विवाह केल्यास दिवंगत मातेच्या पाटल्या, ठुशी, नथ यांवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न सावत्र आईच्या कथांचा जितका, तितकाच धर्मशास्त्राच्या इतिहासाचाही आहे. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’नुसार, शुल्क वगळता, स्त्रीधन प्रथम कन्येकडे, त्यातही अविवाहित कन्येकडे जाई, संतती असताना पतीस त्यात वाटा नसे. ते वारशाने सावत्र मातेकडे जाण्याची वाट शास्त्रानेच बंद केली होती. स्थलांतरानेही हे संरक्षण संपत नसे. कुटुंब आपला व्यक्तिगत कायदा सोबत नेते, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२० मध्ये बळवंतराव विरुद्ध बाजीराव या मध्य प्रांतातील खटल्यात मान्य केले.

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी हिंदू कुटुंबांना मात्र १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होता. त्याच्या कलम १४ ने स्त्रीला मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले. परंतु कलम १५ नुसार, मृत्युपत्र नसल्यास, पुत्र, कन्या आणि पती हे एकाच वेळी समान वारस ठरतात. पतीला मिळालेला वाटा तो मृत्युपत्राविना निवर्तल्यास अंशतः दुसऱ्या पत्नीकडे जातो.

म्हणजेच स्त्रीची सत्ता वाढली, तर कन्येचा अग्रहक्क लोपला. पूर्वी शास्त्र जे आपोआप देत असे, ते आता कलम ३० च्या आधारे मातेने स्वतः लिहून ठेवावे लागते. सावत्रपणाच्या जुन्या व नव्या कथांची तुलना करताना अभ्यासकाने हा बदल ध्यानी घेणे अगत्याचे आहे.