'द हनीमूनर्स' : शेजाऱ्यांचे सख्य आणि जतनाचे भाग्य

अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात 'द हनीमूनर्स' ह्या विनोदी मालिकेचे स्थान काहीसे विलक्षण आहे. सी. बी. एस.वर १ ऑक्टोबर १९५५ रोजी ती सुरू झाली आणि ३९ भागांनंतर, २२ सप्टेंबर १९५६ रोजी, संपली. तथापि पुढे कित्येक दशके तिचे पुनःप्रक्षेपण होत राहिले. ह्या अल्पायुषी मालिकेस एवढी दीर्घ स्मृती का लाभली, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

राल्फ व अ‍ॅलिस क्रॅमडेन हे जोडपे जॅकी ग्लीसन ह्याने १९५१ मध्ये ड्यूमाँटच्या 'कॅव्हलकेड ऑफ स्टार्स' ह्या कार्यक्रमातील छोट्या प्रवेशांतून प्रथम आणले. राल्फ हा ब्रुकलिनमधील बसचालक. त्याच्या वरच्या मजल्यावरील एड नॉर्टन शहराच्या भुयारी गटारांत काम करणारा. राल्फचे घर म्हणजे एक टेबल, बर्फाची पेटी आणि उघड्या भिंती. नॉर्टन तेथे पाहुणा म्हणून येत नाही, घरचा म्हणून येतो. राल्फ त्याला वारंवार बाहेर काढतो, आणि तो पुन्हा येतो.

हे नाते संबोधनांतून विशेष स्पष्ट होते. इंग्रजीत मध्यमपुरुषी सर्वनाम एकच असल्यामुळे मराठीत 'तू' व 'तुम्ही' ह्यांच्या भेदाने जे साधते, त्याचा भार तेथे बव्हंशी नावाच्या रूपावर पडतो. राल्फ शेजाऱ्यास बहुधा आडनावाने हाक मारतो. त्या हाकेत वडीलकीचा आव असतो. नॉर्टन त्याला 'राल्फी बॉय' म्हणतो, आणि तो आव तत्काळ फोल ठरतो. मालिकेच्या पहिल्याच भागात दोघे भागीदारीत दूरचित्रवाणी संच घेतात व कोणता कार्यक्रम पाहावा ह्यावरून भांडतात. वस्तू सामाईक झाली की सख्याची परीक्षा सुरू होते, हे सूत्र येथे नेमके पकडले आहे.

परंतु केवळ गुणवत्तेने स्मृती टिकत नाही. आधीचे प्रवेश थेट प्रक्षेपित होत. त्यांची नोंद पडद्यावरील चित्र फिल्मवर उतरवून, म्हणजे किनेस्कोपने, होई. १९५५-५६ चे भाग मात्र ड्यूमाँटच्या इलेक्ट्रॉनिकॅम पद्धतीने, प्रेक्षकांसमोर, थेट चित्रपटफितीवर घेतले गेले. त्यामुळे त्यांची सुस्पष्ट व पुन्हापुन्हा दाखविता येण्याजोगी प्रत उरली. ग्लीसनने जपून ठेवलेले जुने किनेस्कोप लोकांसमोर आले ते १९८५ मध्ये. तोवर 'द हनीमूनर्स' म्हणजे ते ३९ भाग, हे समीकरण रूढ झाले होते.

सारांश, त्या काळच्या प्रेक्षकाने जे पाहिले आणि आपल्या हाती जे उरले, ती दोन भिन्न साधने होत. दुसऱ्यावरून पहिल्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाने हा भेद विसरता कामा नये.