उदाहरण एकसष्टचेच का?

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) एक प्रश्न आहे: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ आहे १,७६,६३,१९,०४९. हीच अट ६०साठी ४ने पूर्ण होते (मूळ ३१) आणि ६२साठी ८ने (मूळ ६३). शंभराच्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही संख्येचे लघुतम उत्तर एवढे मोठे नाही. अशा प्रश्नांची उत्तरे फेऱ्याफेऱ्याने काढणाऱ्या चक्रवाल पद्धतीचे जनक म्हणून भास्कराचार्यांचा गौरव होतो. पण या प्रश्नापुरते त्यांचे मोठेपण उदाहरणाच्या निवडीत अधिक दिसते.

कारण पद्धत त्यांच्याआधीची आहे. दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे काढण्याची ‘भावना’ ब्रह्मगुप्ताने ६२८मध्ये दिली. जयदेवाची चक्रवाल पद्धत उदयदिवाकराने १०७३मध्ये उद्धृत केली आहे. पण ब्रह्मगुप्ताच्या ९२च्या उदाहरणाचे उत्तर अवघे १२० आहे. तिथे चिकाटीने चाचपडणाराही पोचेल. ६१पाशी चाचपडणे संपते. ८चा वर्ग ६१पेक्षा ३ने जास्त, एवढ्यावर आरंभ करून चक्राचा एक फेरा घेतला, की ३९ आणि ५ हाती येतात: ३९चा वर्ग १५२१ वजा ५च्या वर्गाची ६१पट १५२५, म्हणजे उणे ४. पुढे भावना तीनदा लावली, की पावणेदोनशे कोटींपलीकडचे ते मूळ समोर येते. पद्धतीचे बळ दाखवायला याहून नेमके उदाहरण शंभराच्या आत नाही.

हा निव्वळ योगायोग, असे कोणी म्हणेल. शेजारीच ६७चे उदाहरण आहे आणि त्याचे उत्तर ५९६७, म्हणजे त्या मानाने लहानच. पण मूळ श्लोकात ६७ आधी येतो, ६१ नंतर. संख्यांचा क्रम मोडून सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ही मांडणी हेतुपूर्वक वाटते. शिवाय १६५७मध्ये फ्रेंच गणिती फर्माने फ्रेनिक्ल या गणितीला हाच प्रश्न घातला, तोही ६१ आणि १०९साठी. ‘बीजगणिता’चे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७चे, म्हणजे फर्माने उसनवारी केली असण्याचा संभव नाही. प्रश्न खोलवर तपासणारा ६१पाशी येऊन थांबतो, इतके यातून दिसते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: उत्तर नेहमी मिळतेच, हे भास्कराचार्यांनी सिद्ध केले नाही. तो मान लाग्रांजचा, १७६८चा. चक्रवाल पद्धतीची सैद्धांतिक तपासणी कृष्णस्वामी अय्यंगारांनी १९२९-३०मध्ये केली. हे मान्यच करायला हवे. मात्र भास्कराचार्यांचे ग्रंथ पाठशाळेत शिकवले जात. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे त्यासाठीच मठ स्थापल्याचे तिथला १२०७चा शिलालेख सांगतो. विद्यार्थ्याला पद्धतीवर भिस्त ठेवायला लावणारे उदाहरण सिद्धतेची जागा घेत नाही, पण ते निवडायला पद्धतीची ताकद आतून ओळखावी लागते.