भारतमातेचे रूप कोणी ठरवले?

डोक्यावर मुकुट, अंगावर भरजरी साडी, हाती ध्वज, शेजारी सिंह आणि मागे देशाचा नकाशा. दिनदर्शिकांतून घरोघरी पोहोचलेली भारतमाता ही अशी. १९०५ साली, वंगभंगाच्या वादळात अवनींद्रनाथ ठाकुरांनी रंगवलेली भारतमाता मात्र हिची दूरचीही नातलग वाटत नाही.

ती भगव्या वस्त्रातली, तपस्विनीसारखी. हात चार, पण शस्त्र एकातही नाही. पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ. विद्या, अन्न, वस्त्र, दीक्षा: स्वदेशीचा अवघा कार्यक्रमच जणू तिने हाती धरला होता. हे चित्र छापून देशभर पोहोचवावे, असे भगिनी निवेदितांना मनापासून वाटे.

जलरंगांची ही धूसर शैली अवनींद्रनाथांनी जाणूनबुजून स्वीकारली होती. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे त्यांच्या वर्तुळाला परक्या वळणाची वाटत. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. तैलरंगांचे तंत्र युरोपचे, छायाप्रकाशाची जाण युरोपची. १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यातील यंत्रे आणि तंत्रज्ञही जर्मन.

पण त्या छापखान्याने जे साधले, ते कोणत्याही कलासमीक्षकाच्या आवाक्यातले नव्हते. लक्ष्मी-सरस्वतीच्या स्वस्त रंगीत तसबिरी प्रांतोप्रांतीच्या भिंतींवर लागल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही देवीचे मुख घरात पाहता येऊ लागले. या देवींचा वेश ठरला साडी. आणि रविवर्मा यांच्या अनेक पौराणिक नायिकांची साडी नेसण्याची धाटणी तर चक्क महाराष्ट्रीय! (चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही याच छापखान्यात काम केले होते.)

‘देवी’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जी उभी राही, तिच्याच हाती पुढे ध्वज आला. तपस्विनी संग्रहालयात राहिली.

या विजयाला किंमत होती. राष्ट्र देवीरूपात समोर आले, तर मूर्तिपूजा न मानणाऱ्या देशबांधवाने कुठे उभे राहायचे? काशीला शिवप्रसाद गुप्त यांनी बांधलेले भारतमातेचे मंदिर १९३६ साली गांधीजींच्या हस्ते खुले झाले. तिथे मुकुट नाही, सिंह नाही, मूर्तीच नाही. संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा तेवढा जमिनीवर पसरला आहे.