न्यूट्रिनोचा शोध

विद्युत् भार नसलेल्या, अत्यल्प द्रव्यमानाच्या व द्रव्याशी क्वचितच परस्परक्रिया करणाऱ्या मूलकणास न्यूट्रिनो म्हणतात. इलेक्ट्रॉन प्रथम प्रयोगात आढळला व त्याचा अर्थ नंतर लावण्यात आला. न्यूट्रिनोच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. ऊर्जेच्या हिशेबात आलेल्या तुटीवरून त्याचे अस्तित्व १९३० मध्ये कल्पिले गेले आणि प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास त्यानंतर २६ वर्षे लागली.

काही मूलद्रव्यांची अणुकेंद्रे आपोआप इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात व दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणुकेंद्रांत रूपांतरित होतात. या क्रियेस बीटा क्षय म्हणतात. मूळ व नव्या अणुकेंद्रांच्या ऊर्जा ठरलेल्या असल्यामुळे त्यांतील फरकाएवढी ऊर्जा प्रत्येक इलेक्ट्रॉनास मिळावयास हवी. परंतु १९१४ मध्ये जेम्स चॅडविक यांना बर्लिन येथे असे आढळले की, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत वाटेल त्या असतात. उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन वाटेत गमावीत असावेत, असा काहींचा तर्क होता. तसे असल्यास ती उष्णतारूपाने सापडली पाहिजे. चार्ल्स एलिस व विल्यम वूस्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिज येथे रेडियम-ई (बिस्मथाचा २१० द्रव्यमानांकाचा समस्थानिक) उष्णतामापकात बंदिस्त करून ही उष्णता मोजली. दर क्षयामागे ती सुमारे साडेतीन लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच भरली. कमाल मूल्य मात्र दहा लाखांहून अधिक होते. जवळजवळ दोन-तृतीयांश ऊर्जा कोठे जाते, याचा पत्ता लागेना.

प्रश्न केवळ एका क्षयाचा नव्हता. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच पणास लागला होता. हा नियम अणुकेंद्रात फक्त सरासरीने पाळला जात असावा, असे मानण्यास नील्स बोर यांच्यासारखे अग्रगण्य शास्त्रज्ञही तयार होते. व्होल्फगांग पाउली यांना ते मान्य नव्हते. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी झुरिकहून ट्यूबिंगेन येथील परिषदेस पत्र लिहून असे सुचविले की, इलेक्ट्रॉनाबरोबर विद्युत् भाररहित असा आणखी एक कण बाहेर पडतो व राहिलेली ऊर्जा तो घेऊन जातो. केवळ जमाखर्च जुळावा म्हणून नवा कण कल्पिणे त्या काळी धाडसाचे होते, व ते स्वतः या उपायास नाइलाजाचा उपाय समजत. त्यांनी कणास न्यूट्रॉन असे नाव दिले होते. पण १९३२ मध्ये चॅडविक यांनी शोधलेल्या जड कणास ते नाव रूढ झाल्यावर ‘लहानगा उदासीन कण’ या अर्थाचे न्यूट्रिनो हे इटालियन नाव प्रचारात आले. एन्रीको फेर्मी यांनी १९३४ मध्ये याच कणाच्या आधारे बीटा क्षयाचा सिद्धांत मांडला. त्याच वर्षी हान्स बेथे व रूडोल्फ पायर्ल्स यांनी गणिताने दाखविले की, न्यूट्रिनो पृथ्वीतून आरपार जातो व तो पकडणे व्यवहारतः अशक्य आहे.

हे गणित बरोबर होते. परंतु अणुभट्टीची कल्पना त्यात नव्हती. एक न्यूट्रिनो सापडण्याची शक्यता नगण्य असली, तरी कोट्यवधींच्या लोंढ्यातून एखादा सापडू शकतो. फ्रेडरिक राइनेस व क्लाइड कोवन यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सव्हॅना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ जमिनीखाली कॅडमियम क्लोराइड मिसळलेल्या पाण्याच्या टाक्या ठेवल्या. भट्टीतून येणारा कण (काटेकोरपणे प्रतिन्यूट्रिनो) पाण्यातील प्रोटॉनावर आदळला म्हणजे पॉझिट्रॉन व न्यूट्रॉन निर्माण होतात. पॉझिट्रॉन तत्काळ नष्ट होऊन प्रकाशाची एक चमक देतो. न्यूट्रॉन काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियमात शोषला जाऊन दुसरी देतो. या जोडचमकीवरून कण ओळखला गेला. तासाला सरासरी सुमारे तीन नोंदी मिळत. पाउली यांना तारेने हे वृत्त कळविण्यात आले. राइनेस यांना नोबेल पारितोषिक १९९५ मध्ये मिळाले. कोवन १९७४ मध्येच निवर्तले होते.

विश्वकिरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रिनो निर्माण होतात, त्यांच्या शोधात भारताचा महत्त्वाचा वाटा आहे. इतर कण खडकात अडावेत म्हणून असे प्रयोग खोल खाणीत करावे लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील बी. व्ही. श्रीकांतन व सहकारी कोलार येथील सोन्याच्या खाणीत निरनिराळ्या खोलींवर म्यूऑन मोजीत होते. सर्वांत खोल स्तरावर सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. वरवर निष्फळ वाटणाऱ्या या निरीक्षणातच पुढील प्रयोगाचे बीज होते; कारण तेथे काही आढळलेच, तर ते न्यूट्रिनोमुळे असण्याचा संभव मोठा होता. ही संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ व इंग्लंडचे डरॅम विद्यापीठ यांनी सुमारे २·३ किमी. खोलीवर उपकरणे बसविली व १९६५ मध्ये अशा नोंदी मिळविल्या. राइनेस यांच्या गटालाही त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील खाणीत असेच यश मिळाले. दोन्ही निष्कर्ष एकाच महिन्यात, ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाल्याने अग्रमानाचा वाद फारसा अर्थपूर्ण नाही. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली.

न्यूट्रिनोचे इलेक्ट्रॉन, म्यूऑन व टाऊ असे तीन प्रकार ज्ञात आहेत. सूर्यापासून पृथ्वीवर दर चौ. सेंमी.मधून दर सेकंदास सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो जातात. रेमंड डेव्हिस यांना अमेरिकेतील होमस्टेक खाणीत अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच आढळले. वाटेत ते एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात, हे जपानमधील सुपर-कामिओकांदे (१९९८) व कॅनडातील सडबरी (२००१-०२) येथील प्रयोगांनी सिद्ध झाले. असा बदल द्रव्यमान असल्याखेरीज संभवत नाही. ते इलेक्ट्रॉनाच्या द्रव्यमानाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. नेमके मूल्य अद्याप मोजले गेलेले नाही.